बिनलोखंडी घरातला सूर्य

पेझारकर सरांच्या घरी जायचं तर आधी ओट्यावर उभं राहून स्वतःची झडती घ्यावी लागे. चपला आपण सगळ्यांच्याच दारात काढतो. सरांच्या दारात चपलांबरोबर किल्ल्या, छत्री, चाकू, अडकित्ता, केसांतले आकडे आणि पदराची सेफ्टीपिनसुद्धा काढायची, वेताच्या करंडीत ठेवायची आणि मग उंबरा ओलांडायचा. नवीन माणूस बावचळून विचारी, "घरात काही सुतकबितक आहे का?" आतून सरांच्या पत्नीचा, सारामावशींचा, आवाज येई, "सुतक नाही हो, सूर्य आहे!"

हे घर पनवेलच्या इस्रायल आळीत होतं आणि मी सांगते ते १९५० नंतरच्या दहा वर्षांतलं. सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवत. मी भूगोल शिकवायची. शिवाय वेळापत्रक, परीक्षेच्या बैठका, सहलीचे डबे असली यादी करून उरकायची कामं माझ्या गळ्यात असत. आमचं घर त्यांच्या बरोबर समोर, मधे एक बैलगाडी जाईल एवढी वाट. घरात आई आणि मी, दोघीच.

सर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. जुनी माणसं त्यांच्या लोकांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण पूर्वी ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. सरांच्या घरात घाणा कधीचाच उरला नव्हता, शनिवार मात्र शाबूत होता. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत सारामावशी काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल ओतून वात लावत. त्यानंतर शनिवारचा सूर्य बुडेपर्यंत त्या घरात काडी ओढली जात नसे आणि कागदावर पेन्सिल टेकत नसे. सरांचे शनिवारचे तास मी इतर दिवसांवर वाटून टाकत असे. त्याबद्दल कधी कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

लोखंडबंदीचं कारण मागच्या खोलीत होतं. खिडक्या बंद करून काळोखी केलेल्या त्या खोलीत काचेच्या बरणीत रेशमाच्या धाग्याला चुंबकाची एक बारकी सुई टांगलेली होती. सुईला नखाएवढा आरसा चिकटवलेला. कोपऱ्यातल्या पितळी दिव्याचा उजेड एका फटीतून त्या आरशावर पडे आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक ठिपका उमटे. सुई केसभर हलली तर ठिपका भिंतीवर चांगला दिसेल एवढा सरके. भिंतीवर सरांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

"सूर्य नऊ कोटी मैलांवर आहे," सर सांगत. "पण तो रागावला तर ही सुई थरथरते. अडचण एवढीच, की शेजारून कुणी अडकित्ता घेऊन गेला तरी ती तशीच थरथरते. सुईला दोन्ही सारखेच."

छपरातल्या खिळ्यांचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. "जे लोखंड जागचं हलत नाही ते घरचं," सर म्हणाले. "फिरतं लोखंड परकं." त्यामुळे दाराच्या बिजागऱ्या पितळेच्या, भाकरीला मातीचं खापर, आणि सारामावशींची विळी आमच्या पडवीत. त्यांच्या भावांनी त्यांना दिलेलं शिवणयंत्रही आमच्याच पडवीत. रेडिओही आमच्याकडेच, कारण त्याच्या पोटात चुंबक. दुपारी मावशी आमच्याकडे येऊन आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत, आई काजं-बटणं करून देई आणि शेजारी लहान लहरींवर कुठल्यातरी दूरच्या स्टेशनची गाणी चालू असत.

"संसार माझा, पण निम्मा तुमच्याकडे गहाण," मावशी म्हणत.

"मग सोडवून ने," आई म्हणे.

"सूर्य सोडेल तेव्हा नेईन."

सर उंच आणि बारीक. काळी टोपी, लांब कोट, कोटाला लाकडी बटणं. उजवा गाल डाव्यापेक्षा काळवंडलेला, कारण रोज सकाळी शाळेआधी ते मागच्या अंगणात एक लहानशी दुर्बीण लावून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडत आणि तिच्यावर वाकून डाग काढून घेत. नळीला डोळा लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. "सूर्याकडे पाठ करून सूर्य बघायचा," ते मुलांना सांगत. "वडीलधाऱ्यांचंही तसंच. समोरून बघाल तर डोळे दिपतील, त्यांनी काय केलं ते बघा."

कोटाच्या खिशात सुतळीचं भेंडोळं कायम असे. दुकानातून आलेल्या पुड्याची सुतळी त्यांनी कधी तोडली नाही. घरात कात्री नव्हती हे एक, पण मुळात त्यांना गाठ सोडवायला आवडे. शिक्षकांच्या खोलीत दोघांचं जुंपलं, की हे सुतळी काढून बोटांनी पीळ देत बसत आणि शांतपणे विचारत, "पीळ कुठे बसलाय, ते बघितलं का?" भांडणारे चिडत. तरी थोड्या वेळाने हसत.

कारण पीळ हेच सरांचं शास्त्र होतं. सूर्याला कुणी तापट म्हटलं की ते दुरुस्त करत, "तापट नव्हे, पिळलेला."

हे त्यांनी वर्गात कधी शिकवलं नाही. एका सकाळी त्यांनी नववीचा अख्खा वर्ग पनवेलच्या बंदरावर नेला. भूगोलाच्या नावाखाली मीही गेले, कारण पोरं मोजून परत आणायला कुणीतरी हवंच होतं. खाडीला भरती होती, होडकी लागलेली, मिठाची पोती उतरत होती. धर्मा नाखव्याकडून सरांनी काथ्याचा एक जाड दोर मागून घेतला. दोन टोकांना दोन दांडगी मुलं उभी केली आणि उलटसुलट पीळ द्यायला सांगितलं.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दोर नुसता कडक होत गेला. मग एकाएकी मधोमध तो उठला आणि आपल्याच अंगाभोवती वेटोळं घालून उभा राहिला. मुलं ओरडली.

"बघा," सर म्हणाले. "ओढला कुणी नाही, उचलला कुणी नाही. नुसता पीळ. सूर्याच्या वरच्या थरात शिजत्या भातासारखं रटरटत असतं. चुंबकीय रेषांची मुळं त्या रटरटीत रोवलेली. डाग दिसतात ती ही मुळं. एक उत्तरेचं, एक दक्षिणेचं, आणि मधे रेषांची कमान. एक सरळ जोडी असली की काही त्रास नाही. नवरा-बायको ओट्यावर बसलेत. पण मुळं सरकतात, रेषा पिळल्या जातात. त्यातच मधे दुसरी जोडी उगवते, उलट्या तोंडाची. एकाच पडवीत चार संसार! उत्तर-दक्षिण एकमेकांत घुसतात. ताण वाढतो, वाढतो—"

तेवढ्यात एका मुलाच्या हातून टोक सुटलं. दोर भिरभिरत सुटला, माशांच्या पाटीला लागला आणि बोंबील बंदरभर उडाले.

"—आणि मग हे असं," सर शांतपणे म्हणाले. "ताणलेल्या रेषा तुटतात आणि दुसऱ्या टोकांना जोडल्या जातात, सुटसुटीत होतात. पिळात जे साठलं होतं ते प्रकाश आणि क्ष-किरण होऊन बाहेर पडतं. ती सौरज्वाला. आठ मिनिटांत तिचा उजेड इथे. आपल्या हवेच्या वरच्या थराला तो असा काही धक्का देतो की लहान लहरींचा रेडिओ दिवसाढवळ्या मुका होतो. कधीकधी मागून एक वादळही सुटतं. त्याला यायला दिवस-दोन दिवस लागतात. ते आलं की सुई हलते."

"सर, तुटताना कुणी बघितलंय?" एका मुलीने विचारलं.

"कुणी नाही. मोठमोठे लोक अजून त्यावर भांडतायत. मी सांगतोय त्यातलं निम्मं उद्या चुकीचं ठरेल. पीळ तेवढा चुकीचा ठरायचा नाही."

धर्मा नाखवा बोंबील वेचत होता. "ओ मास्तर," तो म्हणाला, "सूर्याचा काय व्हायचा ता होऊं दे. माजे दोराला अडी परली ती सोरवाला कोन येनार? तुमी?"

सर खरोखरच बसले. कोट काढून, काठावर मांडी घालून, त्यांनी तो दोर उलगडून दिला. मी मुलांना घेऊन परत आले. सर दुपारी शाळेत आले तेव्हा अंगाला बोंबलाचा वास येत होता आणि चेहरा प्रसन्न होता.

लोखंडबंदीतून सुटका कुणालाच नव्हती. आमचे मुख्याध्यापक एकदा चहाला आले. किल्ल्या ठेवल्या, छत्री ठेवली, आत जाऊ लागले तर सरांची नजर त्यांच्या पट्ट्याच्या बक्कलवर गेली. मुख्याध्यापक वजनदार माणूस. त्यांनी पट्टाही काढून करंडीत ठेवला आणि संपूर्ण चहा डाव्या हाताने विजार धरून प्यायले. उठताना म्हणाले, "पेझारकर, यापुढे शाळेतच भेटू."

पण सर्वात मोठी फजिती सरांची स्वतःचीच झाली. एका हिवाळ्यात ठिपका रोज हलायला लागला. सर खोलीत गेले की हलायचा, बाहेर आले की जागेवर. त्यांना वाटलं, सूर्य अस्वस्थ आहे. डाग तर चिमूटभर, तरी सुई चळलेली! त्यांनी जेवण सोडलं, दिवसातून कितीतरी वेळा आत-बाहेर केलं. शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, की सूर्यावर काहीतरी असं चाललंय जे अजून कुणाला माहीत नाही. शेवटी सारामावशी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, जरा तो नवा चष्मा काढून आत जा."

चष्म्याची काडी पोलादी होती. मुंबईहून आणलेला, नुकताच.

"सूर्य नव्हे हो," मावशी आमच्या पडवीत सांगत होत्या, हसता हसता डोळे पुसत. "ह्यांचं नाक!"

सरांनी ही गोष्ट दुसऱ्या दिवशी स्वतः वर्गात सांगितली. त्या दिवसापासून त्यांनी चष्म्याला शिंगाची चौकट बसवली.

तरुणपणी काही वर्षं त्यांनी किनाऱ्यावरच्या एका वेधशाळेत काम केलं होतं. तिथे सुईची हालचाल फोटोच्या कागदावर आपोआप उमटे आणि कागद धुतल्यावर कळे, की काल वादळ झालं. "वरात गेल्यावर लग्न कळायचं," सर म्हणत. त्यांना ते एकदा ओळीने बघायचं होतं. आधी डागांचा गुंता, मग रेडिओ मुका, मग भिंतीवरचा ठिपका चाललेला. स्वतःच्या डोळ्यांनी, घडतं आहे तेव्हा. एवढ्यासाठी ते घर बिनलोखंडी होतं. आणि दर वेळी काहीतरी फिसकटे. रेडिओ गेला तर डागच नसत, बल्बाचाच दोष निघे. डाग असत तेव्हा कर्नाळ्याकडून ढग येत. चार महिने पावसाचे तर सर नुसते येरझाऱ्या घालत.

इकडे आळी रिकामी होत होती. इस्रायल नावाचा देश झाल्यापासून दर वर्षी एक-दोन घरांना कुलूप लागे. मावशींचे दोन्ही भाऊ गेले. मग मुलगी रिबका लग्न करून गेली आणि तिकडे तिला मूल झालं. मावशी आमच्या पडवीत यंत्र चालवता चालवता थांबत आणि म्हणत, "नातवाचं झबलं शिवतेय, पण माप कुणाचं घेऊ?"

सरांना जायचं नव्हतं. हे ते कधी बोलले नाहीत, पण आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मावशींनाही. एका संध्याकाळी त्यांनी आमच्यासमोरच विषय काढला.

"किती वर्षं मी म्हणतेय. आज सांगा."

सर सुतळी पिळत होते. "मला एकदा ते बघू दे," ते म्हणाले. "सूर्याला दर अकरा वर्षांनी भर येतो. आता तो भरात आहे. एवढा भर मी पुन्हा बघणार नाही. एकदा सगळं ओळीने दिसलं, की तू म्हणशील त्या बोटीत बसतो."

"तोंडी नको."

"एलियाहू नबीची शपथ."

"म्हणजे आता मला सूर्याची वाट बघायची," मावशी आईकडे वळून म्हणाल्या. "आमच्यात सूर्याला हात जोडत नाहीत. नाहीतर रोज अर्घ्य घातलं असतं."

आई हसली, पण तिचं बटण चुकीच्या जागी लागलं. तिला दुसरी मैत्रीण नव्हती.

त्यानंतरच्या दिवसांत एक विचित्र गोष्ट झाली. रेडिओ ऐकण्याचं काम आईकडे होतं, आणि तो मुका व्हायला नको असं तिलाच सर्वांत जास्त वाटत असणार. मावशींना तो मुका व्हायला हवा होता. सरांना व्हायलाही हवा होता आणि नकोही. आणि तिघंही त्याबद्दल काही न बोलता रोज चहा पीत.

मग तो शुक्रवार आला. सकाळी सरांनी मला अंगणात हाक मारली. "कुमुदबाई, आकडे काढून या." कागदावरच्या सूर्याच्या मध्यावर डागांचा एक मोठा पुंजका होता. मी आतापर्यंत पाहिलेले डाग शाईच्या थेंबांसारखे सुटे असत. हे एकमेकांत शिरलेले होते, जणू कुणी ओल्या शाईवर हात फिरवला होता.

"एका पडवीत चार संसार," सर म्हणाले. 

दुपारी ते नववीला शिकवत होते आणि मी शेजारच्या वर्गात होते. व्हरांड्यातून आई येताना दिसली. ती कधी शाळेत आली नव्हती. ती सरळ नववीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, गाणी गेली."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "सगळी?"

"लहान लहरींवरची सगळी. काटा फिरवून बघितला. मध्यम लहरींवर मुंबई लागतंय."

"बल्ब?"

"बल्ब पेटलेला आहे. मी थोडा वेळ थांबले, पुन्हा लावून बघितलं. मग आले."

"परत आली तर?"

"सारा बसलीय तिथे. तिला सांगितलंय नीट ऐक म्हणून."

सरांनी खडू ठेवला आणि हातांची धूळ झटकली. मला दारात पाहून म्हणाले, "उद्या." मग त्यांच्याच लक्षात आलं. "उद्या शनिवार."

संध्याकाळी त्यांच्या घरात वाद झाला तो आमच्या ओट्यावर स्पष्ट ऐकू येत होता.

"शनिवारी वेध घेणं म्हणजे काम," सर म्हणत होते. "दिवा लावायचा नाही, खूण करायची नाही. मग कसं?"

"दिवा मी आत्ता लावते, दिवस बुडायच्या आत," मावशी म्हणाल्या. "मोठ्या हंडीत तेल भरते, उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल. आणि तुम्ही वेध घेऊ नका. नुसते बसा. शनिवारी बसायलाच सांगितलंय ना देवाने?"

त्यांनी हंडी स्वतः भरली, वात स्वतः वळली. मी मला जमतं ते केलं. कागदावर यादी केली आणि आळीत फिरून सांगून आले: उद्या बैलगाड्या नाक्यावरच सोडा, सायकली पलीकडच्या वाटेने न्या, विहिरीवर लोखंडी बादली नको, पोरांनी चाकं फिरवायची नाहीत, भंगारवाल्याला नाक्यावरूनच परत पाठवा. कुणी नाही म्हणालं नाही. पण सरांच्या शपथेची बातमी आळीभर झालेली; प्रत्येकाने एकच विचारलं.

"म्हणजे ते जाणार?"

नाक्यावरचे करीमचाचा सायकलवरून पाव विकत. ते म्हणाले, "बाई, सायकल तर मी खांद्यावर घालून नेईन. पण मास्तर गेले तर आमच्या पोराला हिसाब कोण शिकवणार? हे तुमच्या कागदात लिहिलंय का?"

माझ्या कागदात ते नव्हतं.

शनिवारी सकाळी सर प्रार्थनेला त्यांच्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये गेले, परत आले, थंडच जेवले आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. दार लोटून घेतलं. मावशी ओट्यावर बसल्या. थोड्या वेळाने आईही जाऊन शेजारी बसली. शिवण नाही, निवडणं नाही. त्या दिवशी मावशींना हातात काही धरायचं नव्हतं आणि आईने नुसती सोबत म्हणून हात रिकामे ठेवले. आळी इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती. कुठेतरी कोंबडी आरवल्यासारखं करी आणि कुणीतरी तिला दटावी.

दुपार कलली. ऊन ओट्यावरून उतरून वाटेत आलं. खोलीत एकटे सर होते. भिंतीवर त्यांना खूण करता येत नव्हती, कुणाला हाक मारून दाखवायचं बंधन नव्हतं. त्या खोलीत काय झालं ते फक्त त्यांनाच कळणार होतं. बाहेर येऊन "नाही आलं" म्हणाले असते तर आम्ही सगळ्यांनी ते मानलं असतं. आळीतल्या निम्म्या लोकांनी तर आनंदाने.

दार उघडलं. सर उजेडात येऊन डोळे मिचकावत उभे राहिले. चष्मा हातात होता. मावशी उठल्या नाहीत. नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"सारा," सर म्हणाले, "सामान बांध."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "आज शनिवार आहे. उद्या बांधू."

"आत येऊन बघ तरी. अजून चाललंय."

"मला काय बघायचंय? तुमचं तोंड बघितलं."

सर माझ्याकडे वळले. "तुम्ही या, कुमुदबाई. कुणीतरी बघितलेलं असावं."

मी आकडे काढले, बांगड्या काचेच्या आहेत ना ते बघितलं आणि आत गेले. तेलाच्या दिव्याचा उजेड क्षीण होता, पण ठिपका दिसत होता. तो नेहमीच्या खुणेपासून दोन बोटं बाजूला होता. स्थिर नव्हता. एखादं माणूस थंडीत उभं असावं तसा कापत होता, थोडा मागे येई, पुन्हा जाई.

"एवढंच?" मी विचारलं. मला खरोखर तसंच वाटलं.

"एवढंच," सर म्हणाले.  "काल तिथे पीळ सुटला, त्याचं हे. नऊ कोटी मैल आणि दोन बोटं."  ठिपका परत मागे आला तेव्हा हळूच म्हणाले, "बाई, मला वाटलं होतं, मी खोटं बोलेन."

मी बाहेर येऊन आकडे पुन्हा केसांत खोवले. 

पुढचे सगळे दिवस सामानसुमानाचे. सुई उतरली, खिडक्या उघडल्या, आणि निघेपर्यंतच्या थोड्या आठवड्यांसाठी मावशींचं यंत्र त्यांच्या स्वतःच्या घरात गेलं. त्या ते दिवसभर चालवत आणि सर शेजारी बसून आवाज ऐकत. दुर्बीण त्यांनी शाळेला दिली. निघायच्या आधी त्यांनी प्रवासासाठी मलिदा केला. गोड पोहे, नारळ, फळं; एलियाहू नबीच्या नावाने प्रार्थना झाली आणि ताटं आळीत घरोघर गेली. धर्मा नाखवा बंदरावरून पापलेटं घेऊन आला आणि ओट्यावर ठेवून गेला. करीमचाचांच्या मुलाला सरांनी शेवटच्या आठवड्यात त्रैराशिक पक्कं करून दिलं.

निघायच्या दिवशी मी सामानाची यादी घेऊन एसटी स्टँडवर उभी होते. पेट्या टपावर चढल्या, शिदोरी, सुरई, वळकटी आत गेली. आई आणि मावशी एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या आणि बोलत होत्या ते नेहमीचंच: लोणच्याला मीठ कमी पडलंय, रिबकाला सांग, तिकडे नारळ मिळतो की नाही ते कळव. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा आईने हात सोडला.

मी सर आणि मावशींसाठी मुद्दाम सावलीच्या बाजूची जागा धरून ठेवली होती. सकाळची वेळ, लांबचा पल्ला, ऊन लागू नये म्हणून. सर बसले, आणि गाडी सुटायच्या आत उठून पलीकडच्या बाकावरच्या माणसाशी काहीतरी बोलू लागले. तो माणूस उन्हात बसला होता, कपाळावर उपरणं धरून. त्याला आधी खरंच वाटेना. मग तो भराभर उठून मावशींशेजारी सावलीत आला आणि सर त्याच्या जागी जाऊन उन्हात बसले.

"अहो, डोकं दुखेल!" मावशींचं बोलणं खिडकीतून ऐकू आलं.

सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चेहरा खिडकीकडे केला. आम्ही हात हलवत होतो. त्यांचे डोळे मिटलेले होते. गाडी निघाली, स्टँडच्या दारातून बाहेर पडली आणि नाक्यावर वळली. वळल्यावर ऊन दुसऱ्या बाजूला गेलं. बाजूच्या खिडक्यांतून मला दिसलं, सर उठून उभे राहिले होते, दांडीला धरून, त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून, जागा परत मागत.